माळेतला जर्मन रुपया

माझ्या धाकट्या जावेला लोक वस्तू देतात. तिला मागावं लागत नाही, भाव करावा लागत नाही. ती नुसती समोर उभी राहते आणि लोक देतात. भाजीवाली मूठभर कोथिंबीर जास्त टाकते. शेजारीण लोणच्याची बरणी आणून ठेवते. तिचे विद्यार्थी नोकरीला जर्मनीला जातात आणि सुट्टीत येताना तिच्यासाठी चांदीची जुनी नाणी आणतात. मला आजवर कुणी काही दिलेलं नाही. माझ्याकडे जे आहे ते मी ओढून आणलेलं आहे.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण तक्रारच आहे.

काळेवाडीच्या एका खोलीत मी डबे करायला लागले तेव्हा माझ्याकडे दोन स्टोव्ह आणि एक परात होती. आज चाकणला दोन कंपन्यांची कॅन्टीन माझ्याकडे आहेत आणि निगडीला प्राधिकरणात स्वतःचं घर आहे. मधली सगळी वर्षं मी भाव करण्यात घालवली. पिंपरीच्या मंडईत मी लांबून येताना दिसले की काही गाळेवाले मुद्दाम चहाला निघून जातात. माझी रीत सोपी आहे. जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. शेजारचीला नावं ठेवायची, दमून निघायचं आणि निघता निघता हव्या वस्तूकडे हात करून म्हणायचं, 'आणि हे काय पडलंय?' समोरच्यालाच त्या वस्तूची लाज वाटायला लागली पाहिजे. या रितीनं मी कांदे घेतले, भांडी घेतली, जुना टेम्पो घेतला आणि घराची जागाही घेतली.

जाऊ पुनावळ्याला राहते आणि जर्मन शिकवते. कंपनीत जर्मनीहून पाहुणे आले की दुभाषी म्हणून तिला गाडी पाठवून नेतात. त्याच कंपनीच्या मागच्या दारानं माझी वरणाची पातेली आत जातात. एकदा काचेपलीकडे ती त्या पाहुण्यांच्या टेबलावर बसून जेवताना मला दिसली. जेवण माझं होतं. नंतर ती आत आली आणि म्हणाली, "ताई, त्यांना फार आवडलं. खूप कौतुक करतायत." कौतुक माझ्याच हातच्या जेवणाचं होतं, पण माझ्यापर्यंत ते तिच्या तोंडून आलं. त्या दिवशी मी एका वाढप्यावर काही कारण नसताना ओरडले.

नाण्यांचा नाद मात्र आधी माझा. पिंपरीत एका सोनाराकडे मी जुने पैंजण मोडीत घालायला गेले होते. वितळवायच्या चांदीच्या ताटलीत त्याच्याकडे एक नाणं पडलं होतं. आपल्या राणीछाप रुपयाएवढंच, पण वर राणी नव्हती. लांब टोकदार मिशांचा एक माणूस होता, डोक्यावर लोखंडी टोप आणि टोपावर पंख पसरलेला गरुड.

मी आधी पैंजणांच्या वजनावरून सोनाराशी भांडले, मग मोडीच्या भावावरून भांडले आणि शेवटी म्हटलं, "आणि हा मिशीवाला कोण पडलाय?"

"जर्मनीचा बादशहा, वहिनी. आफ्रिकेत त्यांचा मुलूख होता, तिकडं चालायचं हे. एका गुजराती घरातून मोडीत आलंय. त्यांच्यातलं कुणीतरी तिकडं दुकानदारी करायचं."

"मग आपल्या रुपयाएवढं कसं?"

"रुपयाच आहे तो. लिहिलंय बघा मागं. तिकडचा बाजार आपल्या लोकांच्या हातात होता, सगळ्यांना आपल्या रुपयाची सवय. जर्मन आले, त्यांनीही मुकाट्यानं रुपयाच पाडला."

बाजारापुढे बादशहा वाकला, हे मला फार आवडलं. चाकणला येणारे जर्मन साहेब माझ्या कॅन्टीनमध्ये दही मागतात, पाणी मागतात, पण त्यांच्या बादशहानं एके काळी रुपये छापले होते हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नसणार. मला ठाऊक होतं. ते नाणं मी मोडीच्या भावात घेतलं.

मग मी शोधत गेले. चिंचवडला रविवारी नाण्यांची प्रदर्शनं भरतात तिथं जायला लागले, मोबाइलवर नाणीवाल्यांच्या दोन ग्रुपमध्ये शिरले. पाव रुपया मिळाला, अर्धा मिळाला, एकचे वेगवेगळ्या वर्षांचे सात-आठ मिळाले. राहिला तो दोन रुपयांचा. चांदीचा, रुपयाहून मोठा. तो दोनच वर्षं पाडला होता. प्रदर्शनात एका व्यापाऱ्याकडे काचेखाली एक होता. त्याची किंमत ऐकून मी त्या माणसाला असं काही बोलले की पुढच्या वेळी मला बघून त्यानं काचेवर फडकं टाकलं.

माझं बघून जावेनं सुरुवात केली. ती रुपये जमवत नव्हती, जर्मनीतले मार्क जमवायची. त्याच बादशहाच्या काळातले, चांदीचेच, वेगवेगळ्या संस्थानांचे. 'सहज गंमत' म्हणाली होती. दोन वर्षांत तिचा अल्बम भरला. प्रत्येक नाण्यामागे कुणा विद्यार्थ्याचं नाव. "हे त्यानं दिलं, हे हिनं पाठवलं." मी पानं उलटत होते आणि एकाही पानावर मला भाव केल्याची खूण दिसत नव्हती. तिचा अल्बम माझ्यापेक्षा मोठा होता म्हणून मी जळत नव्हते. तो घामाशिवाय भरला होता म्हणून जळत होते.

त्यात ती दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला सगळे आमच्याकडे असतात. घरातली सगळी चांदी मी आदल्या दिवशी चिंच आणि रांगोळी लावून घासते, माझी आई घासायची तशी. नाणीही घासली. ताटात मांडली तेव्हा आरशासारखी चमकत होती. जावेनं एक उचलून बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

"ताई, घासलीत?"

"मग? लक्ष्मीपुढं काळी ठेवू?"

"जुनी नाणी घासायची नसतात हो. घासली की जमवणाऱ्यांच्या लेखी त्यांची किंमत जाते. हे बघा, मिशासुद्धा झिजल्यात."

माझे दीर हसले. "वहिनींनी बादशहाची हजामत केली!" मग सगळं घर हसलं. आमचे हेसुद्धा.

मी स्वयंपाकघरात तिला गाठलं. "गेल्या दिवाळीलाही मी घासली होती. तुझ्यासमोर. तेव्हा का बोलली नाहीस?"

"तुम्ही रागवाल म्हणून."

"आणि आज रागावणार नव्हते?"

ती गप्प बसली. गप्प बसणं ही तिची खोडच आहे. पुढं जे घडलं तेही तिच्या गप्प बसण्यानं घडलं, असं मी बरेच दिवस मानत होते.

माझ्या चाकणच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला एक जवळच्या गावची सून आहे. तिच्या बाळाचं बारसं होतं. जुनं शेतकरी घर. बरीच जमीन कंपन्यांत गेलेली, पण ओटा, गोठा आणि माणसं जुन्या वळणाची. मी बाळाला कपडे केले, घुगऱ्या घेतल्या आणि निघणार, तेवढ्यात त्यांच्या आजी पाळण्यावर वाकल्या. पंच्याऐंशीच्या असतील. गळ्यातली माळ पुढं लोंबली. काळ्या गोफात कड्या लावून ओवलेले राणीछाप रुपये, एकसारखे, आणि मधोमध एक मोठं नाणं. त्यावर तो मिशीवाला. टोप, गरुड, सगळं.

मी घुगऱ्या चावत राहिले. आजींच्या नथीचं कौतुक केलं. माळेकडे दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले आणि जावेला बरोबर नेलं. तिच्याकडे गाडी आहे, हे एक. दुसरं, भाव करताना जोडीला कुणीतरी लागतं. एकीनं घासाघीस करायची, दुसरीनं कंटाळल्यासारखं करून 'चला, उशीर होतोय' म्हणायचं. जोडीदार शिकलेली असली तर आणखी वजन पडतं. तिला मी वाटेत पढवलं. "तू काही बोलायचं नाहीस. मी डोळ्यानं खुणावलं की 'चला ताई, उशीर होतोय' एवढंच म्हणायचं."

"पण तिथं आहे काय?"

"बघशील."

पण खरं कारण या दोन्हींहून वेगळं होतं. दोनचं नाणं मी मिळवताना तिनं बघायला हवं होतं.

आजी ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. मी शेजारी बसून वाल सोलायला लागले. बाळाची चौकशी केली, ही माझी जाऊ, मास्तरीण, जर्मन शिकवते, एवढं सांगितलं, पावसापाण्याचं बोलले. मग म्हटलं, "माळ जुनी दिसतेय, आजी."

"व्हय. सासूची माज्या. मामंजींनी केलती." मामंजी म्हणजे त्यांचे सासरे.

"रुपये छान आहेत. सगळ्या राण्या एकसारख्या. हा मधलाच तेवढा विजोड कसा?"

"त्यो मामंजींनी आफ्रिकेतनं आनला. जर्मनच्या लढाईला गेलते फौजेत, खेचरं हाकायला."

"असं होय." मी एक शेंग फोडली. "नाही, राण्यांच्या रांगेत हा मिशीवाला शोभत नाही हो. आणि चांदी तरी आहे का ही? रंग बघा, कथलासारखा. माझ्याकडे दोन राणीछाप आहेत, अगदी जोडीच्या. त्या बसवा इथं, माळ नुसती खुलेल. हा मी घरी नेते पोरांना खेळायला."

आजींचे हात थांबले. "खोटा हाय म्हंतीस?"

"तुमच्या मामंजींना कुणीतरी फसवलं असेल. भोळी माणसं जुनी."

"त्यांनी सोता आनलाय आफ्रिकेतनं."

इथं थांबायला हवं होतं. पण सौदा हाताशी आला की मला थांबता येत नाही. मी म्हटलं, "आजी, असली नाणी पूर्वी मुंबईच्या बंदरावर ढिगानं विकायला असायची. त्यासाठी आफ्रिकेला कशाला जायला लागतंय?"

आजींनी वालाचं सूप बाजूला सारलं. मला वाटलं, काम झालं. मग त्यांनी जावेला हाक मारली. "तू मास्तरीण ना गं? जर्मनचं शिकिवतीस ना? हिकडं ये. काय लिवलंय बघ."

जाऊ वाकली. नाणं तिनं उलटून पाहिलं. तिला कळलं, हे मला तिच्या मानेवरून कळलं. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं.

"दोन रुपये असं लिहिलंय, आजी."

"आन् खरं हाय का खोटं?"

मी तिच्याकडे डोळे वटारले. गप्प बस, एवढाच त्याचा अर्थ होता. पण तिला मी खुणेचं शिकवलं होतं ना! ती म्हणाली, "चला ताई, उशीर होतोय."

मला तिथंच भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. आजींनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. शिकलेल्या बाईनं खऱ्याला खरं म्हटलं नाही, म्हणजे ते खोटं. त्यांनी सुनेकडून कात्री मागवली. माळ गळ्यातून काढली, गोफ कापला, नाणं ओढून मोकळं केलं.

"घे," त्या म्हणाल्या आणि ते जावेच्या तळहातावर ठेवलं. "तुला वाचता येतंय. तुज्या पोरांना दाव. मला नगं आता."

"अहो आजी," मी घाईघाईनं पिशवीत हात घातला, "मी तुम्हाला दोन राण्या देतेय ना त्याच्या बदल्यात—"

"ऱ्हाऊ दी तुज्या. खोट्याचा काय सौदा करायचा?"

चाकणच्या चौकात नेहमीसारखा कंटेनरचा खोळंबा होता. गाडी हलत नव्हती. नाणं तिच्या पर्समध्ये, पर्स माझ्या मांडीजवळ.

"दे इकडं," मी म्हटलं.

"काय?"

"नाटकं नकोत. ते मी मिळवलंय."

"ताई, आजींनी मला दिलं."

"माझ्या बोलण्यामुळं दिलं!"

"हो. तुम्ही खोटं म्हणालात म्हणून दिलं. मी तर काहीच बोलले नाही."

"तेच म्हणतेय मी! काहीच न बोलता मिळवतेस तू सगळं. आयुष्यभर. मी घसा कोरडा करायचा आणि तू हात पुढं करायचास."

"मी हात पुढं केला नव्हता." तिनं पर्स स्वतःच्या मांडीवर ओढली. "आणि तुम्हाला दिलं तर तुम्ही चिंच लावाल त्याला."

मी दार उघडून कंटेनरच्या रांगेतच उतरले आणि नाशिक फाट्याची बस पकडून घरी आले.

तीन आठवडे मी जळत होते. दुसरा शब्द नाही. तिनं मोबाइलच्या स्टेटसला नाण्याचा फोटो टाकला. घरच्या ग्रुपवर दिरांनी टाकला, 'बायकोला सापडलेला खजिना'. कुणीतरी विचारलं, कितीला मिळालं? तिनं लिहिलं, 'प्रेमानं मिळालं.' त्या दिवशी मी मंडईत गवारीवरून एका बाईला रडवलं आणि तिथंही समाधान झालं नाही. मी तो फोटो मोठा करून करून बघायचे. मिशा शाबूत होत्या. कडीचा डाग वरच्या काठाला होता, त्यानं किंमत उतरते, पण मला ते विकायचं कुठं होतं! मला ते हवं होतं. आणि त्याहून जास्त, ते तिच्याकडे असायला नको होतं.

शेवटी एका दुपारी, पहिल्या शिफ्टचं जेवण उरकल्यावर, मी रिक्षानं आजींच्या गावी गेले. नंतर घरच्यांनी याला माझा चांगुलपणा ठरवलं, म्हणून स्पष्ट लिहिते. मी खरं सांगायला गेले नव्हते. तिच्या हातातून ते काढून घ्यायला गेले होते, आणि त्यासाठी माझ्याकडे खरं बोलण्याशिवाय दुसरं हत्यार उरलं नव्हतं.

आजी ओट्यावरच होत्या. गळ्यात माळ नव्हती.

"माळ कुठंय, आजी?"

"पेटीत. घालू वाटंना." मग त्यांनी मला बसायला सांगितलं आणि मी न विचारता बोलायला लागल्या. "मी लगीन करून आले तवा लहान व्हते. मामंजी म्हातारं झालतं. समद्या गावात त्यांना हसायचे. सिंव्ह बघून आल्याला म्हनायचे. ते सांगायचे, ताडाच्या झाडाखाली सिंव्ह हुभा बघितला, खेचरं बिथारली. कुनी खरं धरंना. माजी सासूबी न्हाई. मी येकटी धरायची. का? तर नान्याच्या मागल्या अंगाला सिंव्ह हाय, झाड हाय. ते मी रोज बोटानं चाचपायची. तू म्हनलीस बंदरावर इकत मिळतंय. मंग मला वाटलं, लोकंच खरी. मी सगळा जलम खोट्याची बाजू घेऊन भांडले."

मला ते मागचं चित्र ठाऊक होतं. फोटोत शंभरदा पाहिलं होतं, ताडाचं झाड आणि त्यापुढं सिंह. माझ्या लेखी ती नाणं ओळखायची खूण होती. मी पदरानं तोंड पुसलं.

"आजी, ते खरं आहे. चांदीचं आहे, आफ्रिकेतलंच आहे. बंदरावर वगैरे काही मिळत नव्हतं. मी सगळं पुणं पालथं घातलं तरी मला एक मिळालं नाही."

आजींचा हात गळ्याशी गेला, माळ असायची तिथं. लांब कुठंतरी कंपनीचा भोंगा झाला.

"मंग त्या दिशी गं?"

"मला पाहिजे होतं."

"पायजे व्हतं तर मागायचं की."

"मागितलं असतं तर दिलं असतंत?"

"न्हाई!" त्या बोळक्या तोंडानं एकदम हसल्या. "पन मागायचं तरी. मान्सानं मागावं, न्हाई म्हनलं तर आपल्या घरला जावं. त्यात काय हाय?"

मला रागही येईना. मी लगेच माझ्या कामावर आले. "माझ्या जावेला माहीत होतं हं ते खरं आहे. तिनं वाचलं तेव्हाच ओळखलं. तिच्याकडून परत घ्या."

"ती खोटं बोलली व्हय?"

"खोटं नाही बोलली. पण खरंही बोलली नाही."

"आन् तू दोन्ही बोललीस," आजी म्हणाल्या. "बोलाव तिला आयतवारी. तू बी ये."

रविवारी मी तयारीनं गेले. जाऊ खजील होईल, कारणं देईल, नाणं द्यायला कां-कूं करेल आणि मी समोर बसून ते बघेन, असं मी मनात रंगवलं होतं. ती आली तीच आजींच्या पाया पडली. पर्समधून पारदर्शक डबी काढली, उघडून नाणं त्यांच्या हातावर ठेवलं.

"आजी, मला तेव्हाच कळलं होतं. मी बोलायला हवं होतं. तीन आठवडे मी रोज ठरवत होते, तुमच्याकडे यायचं. धीर झाला नाही." आणि ती रडायला लागली. खरंखुरं, नाक लाल करून.

आजींनी तिच्या गालावर हात फिरवला. "आली न्हवं आता. वाच बगू. सगळं वाच. ह्यांना ऐकू दी."

ओट्यावर घरची सगळी जमली होती. नातू, सुना, शेजारचे दोन म्हातारे. जावेनं नाणं उजेडाला धरलं. पुढचं लॅटिनमध्ये आहे, म्हणाली, बादशहाचं नाव आणि पदवी. मग उलटं केलं. जर्मन पूर्व आफ्रिका कंपनी. दोन रुपये. साल वाचलं. मग आजींचं बोट धरून तिनं ते नाण्यावरून फिरवलं. "हा ताड, आजी. आणि हा पुढं उभा, तो सिंह."

शेजारचा एक म्हातारा म्हणाला, "आरं तिच्या. म्हंजी म्हातारा खरंच गेलता की!"

"मी काय सांगत व्हते?" आजी म्हणाल्या. त्यांनी सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. "साठ-सत्तर वरीस काय सांगत व्हते?"

त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही, आणि सगळे जावेकडे बघत होते. हेच सगळं आफ्रिकेतलं, चांदीचं, खरं, मी गुरुवारी येऊन सांगितलं होतं. पण सांगितलेलं विरून गेलं आणि वाचलेलं टिकलं. चहा आधी तिला दिला. सुनेनं तिला बाळ मांडीवर दिलं. निघताना नेण्यासाठी वालाची पिशवी तिच्या शेजारी आणून ठेवली. मी ती पिशवी बघत होते. मला वालाच्या शेंगा विकत घेता येत नाहीत असं थोडंच आहे.

"माळ आन गं पेटीतनं," आजींनी सुनेला सांगितलं. मग माझ्याकडे वळल्या. "तू ओव. गाठ तूच मार. तुजा हात घट्ट दिसतोय."

नवीन काळा गोफ होता. मी राण्या एकेक करून ओवल्या, अर्ध्या एका बाजूला, अर्ध्या दुसऱ्या. मग मधलं नाणं माझ्या हातावर आलं. फोटोत वजन कळत नाही. ते तळहातावर माझंच असल्यासारखं बसलं. कड जरा झिजलेली, मागची बाजू वर्षानुवर्षं बोट फिरून गुळगुळीत झालेली, सिंहाची आयाळ जवळजवळ गेलेली. कुणाच्या चिंचेनं नाही, रोजच्या बोटानं. प्रदर्शनातल्या त्या व्यापाऱ्यानं हे नाणं बघून नाक मुरडलं असतं. मला ते त्या काचेखालच्या नाण्याहून जास्त हवं होतं. मी हात थोडा जास्त वेळ मिटलेला ठेवला असेल.

"ओवलंस का?" आजींनी विचारलं.

"मला द्याल का हे?" मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा, सरळ, काही नावं न ठेवता.

जाऊ माझ्याकडे बघत राहिली. आजींनी मान हलवली.

"न्हाई."

"बरं," मी म्हटलं आणि कडीतून गोफ ओढून घेतला.

मी त्यांच्या मागं बसले, मानेवरचे पांढरे केस बाजूला केले आणि गाठ मारली. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. आजींनी नाणं छातीवर चाचपलं, मान ताठ केली आणि समोर बसलेल्या माझ्या जावेला विचारलं, "बग गं, मधी बसलंय का?"

"किंचित डावीकडं गेलंय, आजी," जाऊ म्हणाली.

मी तिन्ही गाठी नखानं सोडवल्या आणि पुन्हा मारायला घेतल्या.